फ्रँकलिनच्या ओढ्यातलं सोनं

१९८९ साली किर्कलंड लेकच्या पुढे एका ओढ्यात मला सोन्याचा गोळा सापडला, ही हकिकत टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं माझ्या तोंडून निदान दोनदा ऐकलेली आहे. ज्यांनी एकदाच ऐकली ते पुढे कॅल्गरीला राहायला गेले. मी तोंड धुवायला वाकलो, पाण्यात काहीतरी चमकलं, उचललं तर सोनं. तेवढ्यात मागून अस्वल आलं. बरोबर क्यूबेकचा एक माणूस होता, तो फ्रेंचमध्ये प्रार्थना करायला लागला, आणि अस्वल पडलं ऑन्टॅरियोचं, त्याला फ्रेंच कुठून कळणार? हाताशी दगड नव्हता. मग मी तो गोळाच नेम धरून अस्वलाच्या नाकावर मारला. अस्वल पळालं, गोळा पाण्यात गेला, आणि क्यूबेकचा तो माणूस अजून दर नाताळाला मला कार्ड पाठवतो.

कार्ड दाखव असं आजवर कुणी म्हणालं नाही. आपली माणसं सभ्य असतात. सभ्य नाही तो फक्त फ्रँकलिन. वसईला आमची घरं एकाच आळीत. त्यानं विंडसरला मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं, म्हणजे पगार घेऊन संशय घेतला. आता एटोबिकोला राहतो आणि पेन्शनवर संशय घेतो. बॅनक्रॉफ्टच्या बाजूला त्याचं कॉटेज आहे आणि कॉटेजच्या मागे ओढा आहे.

माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला आमच्या मेलनीनं एक लांबट खोका आणला. मी तो मिल्टनच्या आमच्या घरात तीस माणसांसमोर उघडला. आत मेटल डिटेक्टर. खास सोनं शोधणाऱ्यांचा.

"डॅड, नाऊ यू कॅन फाइंड इट अगेन!" मेलनी म्हणाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला लहानपणी झोपवताना मी दुसरी गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फ्रँकलिन मात्र केक खात होता, तो पूर्ण गिळून म्हणाला, "छान झालं. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला सगळे माझ्या कॉटेजवर या. ओढा आहे, मशीन आहे, हा आपला झेव्या आहे. सोनं निघालं तर मी सगळ्यांसमोर कान धरीन."

"आणि नाही निघालं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर पुढच्या पार्टीपासून झेव्या फक्त हवामानावर बोलेल."

आता हवामानावर बोलायला माझी हरकत नाही, पण या देशात त्याच्यावर सगळेच बोलतात. माझं असं काय उरलं असतं?

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला. आमची वस्ती नवी. बिल्डरनं घरं बांधून उरलेलं सगळं सामान बॅकयार्डमध्ये पुरलं आणि वर हिरवळीच्या गुंडाळ्या पसरल्या, हे मला तेव्हा कळलं. मशीन चालू केलं आणि ते रडायलाच लागलं. दीड तासात मी बादलीभर खिळे काढले, एक सळई काढली, एक चालू स्थितीतली मेजरिंग टेप काढली. अजून दोन फूट खाली गेलो असतो तर बिल्डर सापडला असता.

"काका, मॅन्युअल वाचलंत का?" कुंपणापलीकडून आवाज आला. आमचा शेजारी मिलिंद. पुण्याचा. कॉम्प्युटरवाला.

"मशीन माझ्याशी बोलतंय ना? मॅन्युअल कशाला?"

"तुमच्याशी नाही बोलत, तुमच्या सेफ्टी शूजशी बोलतंय. पुढे पोलाद आहे त्यांच्या."

बूट काढून मी चपला घातल्या. तरी वाकलो की आवाज यायचा. मग माझ्या लक्षात आलं, गुडघा. चार वर्षांपूर्वी बदललेला, आत धातूचा सांधा. संपूर्ण मिल्टनमधली सगळ्यात मौल्यवान वस्तू माझ्या पायजम्यात आहे असं मशीनचं ठाम मत होतं.

मिलिंद संध्याकाळी मॅन्युअल छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेऊन आला. चौऱ्याऐंशी पानं, त्यांतली तीस त्याची वाचून झालेली, पिवळ्या रेघा मारून. मशीनच्या दांड्याच्या टोकाला असते ती तबकडी जमिनीलगत कशी फिरवायची यावर नऊ पानं होती. तो वाचत होता, मी फिरवत होतो, आणि दोघांचं काही जमत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी बायको इझाबेला हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अरे, झाडू काय मारतोस? सारवल्यासारखं फिरव!"

मी सारवल्यासारखं फिरवलं. मशीनचा सूर सरळ झाला. मिलिंदनं नऊ पानं उलटली.

"आता महत्त्वाचं," तो म्हणाला. "हे मशीन प्रत्येक धातूला एक आकडा देतं. लोखंडाचा आकडा खाली, चांदीचा पार वर. नको त्या आकड्यांना आपण गप्प बसवू शकतो. खिळे गप्प. चॉकलेटची चांदी गप्प. बिअरच्या कॅनची पत्री गप्प."

"सोन्याचा आकडा कुठे येतो?"

मिलिंदनं पुढची पानं चाळली नाहीत. "काका, सोनं ते सोनं. चांदीच्याही वर असणार."

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. चांदीच्या खाली सोनं असतं असं आपल्याकडे कुणी ऐकलंय? खात्री करून घ्यायला मिलिंद म्हणाला, "काकू, अंगठी देता का जरा? टेस्ट करू."

"बेचाळीस वर्षं बोटातून निघाली नाही," इझाबेला खिडकीतून म्हणाली, "ती तुमच्या चिखलासाठी काढू?"

म्हणून आम्ही चांदीच्या चमच्यावर टेस्ट केली. मशीन गायला लागलं. मिलिंदनं मधले सगळे आकडे बंद करून टाकले.

मशीन चालवायला मी शिकलो, पण फ्रँकलिनच्या ओढ्यात सोनं असल्याशिवाय त्या शिक्षणाचा उपयोग काय? आणि सोनं तर आमच्या बेसमेंटमध्ये होतं.

इझाबेलाची मोड. तिच्या आईचं तुटकं कानातलं, अर्धी अंगठी, बांगडीचा एक तुकडा, असं वर्षानुवर्षं साठलेलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी वसईच्या बाजारात सोनाराकडून तिनं ते वितळवून घेतलं होतं. सोनार भट्टी फुंकत होता आणि ही समोर स्टुलावर बसून, पाणीसुद्धा न पिता, मुशीवर डोळे लावून होती. आमच्याकडच्या बायका नवऱ्यावर नजर ठेवत नाहीत इतकी वितळत्या सोन्यावर ठेवतात. त्यातून जो गोळा निघाला तो चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, पाऊण तोळ्याचा. तो तिनं मोज्यात घालून बेसमेंटमध्ये ठेवला होता, एकावर एक रचलेल्या चार विंटर टायर्सच्या पोकळीत. चोर टीव्ही नेईल, विंटर टायरमध्ये हात घालणार नाही, असं तिचं म्हणणं. येत्या डिसेंबरात वसईला जाऊन त्याची साखळी करायची होती, नातीसाठी. मेलनीच्या बियांकाचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन पुढच्या मे महिन्यात होतं.

मी तो गोळा चोरला नाही. दोन दिवसांसाठी फिरायला नेला. पुरायचा, सगळ्यांसमोर काढायचा, मिरवायचा, आणि सोमवारी परत मोज्यात. कुणाचं काय जाणार होतं?

लाँग वीकेंडला आम्ही कॉटेजवर पोचलो. मी, इझाबेला, मेलनी, आणि मशीनबरोबर वॉरंटीसारखा आलेला मिलिंद. शनिवारी सकाळी सगळे झोपलेले असताना मी ओढ्यावर गेलो. डास आधीच कामावर हजर होते. त्या भागातले डास चावत नाहीत, माणसाला खांद्याला धरून बाजूला घेतात आणि निवांत जेवतात. त्यांच्या तावडीतून एक हात सोडवून मी एका वाकड्या सीडरच्या झाडाच्या मुळाशी वीतभर खड्डा केला, गोळा ठेवला, माती सारखी केली, वर पाला टाकला आणि परत येऊन अंथरुणात घोरलो.

नाश्त्याला मी आमलेटच्या ताटावरून घोषणा केली, "नियम एकच. ज्याच्या हातात मशीन असताना सोनं निघेल, सोनं त्याचं. उगाच नंतर वाद नको."

"मंजूर," फ्रँकलिन म्हणाला. "साक्षीला सगळे आहेत."

ओढ्यावर फ्रँकलिननं खुर्च्या मांडल्या. इझाबेला थर्मास घेऊन बसली. मी हेडफोन चढवले आणि आधी मुद्दाम दुसरीकडे फिरलो, कारण सोनं लगेच सापडलं की लोकांना किंमत वाटत नाही. अर्ध्या तासानं सहज वळल्यासारखा वाकड्या सीडरकडे वळलो. तबकडी मुळावरून नेली.

शांतता.

परत नेली. सारवल्यासारखी. उभी, आडवी. मशीन असं गप्प, जणू त्याच्याशी माझं भांडण झालंय.

जागा चुकली म्हणावं तर झाड तेच. की दुसरं? सीडर नावाचं झाड ओळखायला सोपं आणि एकमेकांपासून वेगळं करायला अवघड. शेजारीच अजून दोन वाकडे होते. मी फावडं घेतलं.

"सिग्नल आला?" मिलिंदनं विचारलं.

"अंदाज आला," मी म्हणालो.

मी खणलं. पहिल्या झाडाखाली खणलं, दुसऱ्या, तिसऱ्या. माती काढून मागे टाकत गेलो, ढीग झाला. खड्ड्यात मशीन लावलं, आवाज नाही. अकरा वाजले. शर्ट अंगाला चिकटला. नवा गुडघा जुन्यासारखा दुखायला लागला. पहिला एक तास मी सोनं शोधायचं नाटक करत होतो. त्यानंतर त्या ओढ्यावर माझ्याइतकं खरंखुरं सोनं शोधणारा माणूस शंभर वर्षांत आला नसेल.

"डॅड, टेक अ ब्रेक," मेलनी म्हणाली. "इट्स ओके इफ देअर इज नथिंग."

"आहे! इथंच आहे!" मी इतक्या कळवळून ओरडलो की फ्रँकलिनसुद्धा खुर्चीत पुढे सरकला.

"अरे, एवढी खात्री कशी तुला?"

"अनुभव," मी म्हणालो. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

मिलिंद खुर्चीत बसून मॅन्युअल पुढे वाचत होता. एकसष्टाव्या पानावर तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, एक छोटीशी गडबड आहे. सोन्याचा आकडा चांदीच्या वर नसतो. खूप खाली असतो. चॉकलेटच्या चांदीच्या आणि कॅनच्या पत्रीच्या मध्ये."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण ज्यांना गप्प केलं ना, त्यांतच सोनं होतं."

मी फावड्यावर रेललो. मला मिलिंदला त्याच खड्ड्यात पुरावंसं वाटलं, पण त्याच्याकडे मॅन्युअल होतं. त्यानं चार बटणं दाबली आणि मशीनला कंठ फुटला. फ्रँकलिनच्या ओढ्याकाठी तीस वर्षांत जेवढी बिअर प्यायली गेली होती तिची नोंद जमिनीत होती. मी पत्र्या काढल्या, चॉकलेटच्या चांद्या काढल्या, आणि बाराच्या सुमाराला माझी कंबर धरली.

"दे इकडे," फ्रँकलिन उठला. "तू बस. मरशील."

"नको, नको, मी करतो."

"नियम काय होता? ज्याच्या हातात मशीन. मला हात लावायला बंदी आहे का?"

"झेवियर, बस म्हणते ना!" इझाबेला म्हणाली, आणि खुर्ची पुढे केली.

मी बसलो. फ्रँकलिनला चालायचा कंटाळा. त्यानं नवीन जागा शोधलीच नाही; मी काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावरच उभ्या उभ्या तबकडी फिरवली. मशीन किणकिणलं. त्यानं पायानं ढेकूळ फोडलं, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"देवबापा!" तो म्हणाला.

त्याच्या तळहातावर मातीनं माखलेला पिवळा गोळा होता. माझ्याच फावड्यानं पहिल्याच फटक्यात तो मातीबरोबर ढिगात जाऊन पडला होता.

यापुढे जे झालं ते मी इतकी वर्षं स्वप्नात पाहिलं होतं. फ्रँकलिननं सगळ्यांसमोर कान धरले. दोन्ही. "झेव्या, मी तुला पस्तीस वर्षं थापाड्या म्हटलं. पाठीमागेही म्हटलं, तोंडावरही म्हटलं. मला माफ कर." त्यानं मला मिठी मारली. मेलनी रडली. मिलिंद जो भेटेल त्याला एकसष्टावं पान दाखवत होता, आणि भेटायला तिथं आम्ही पाचच होतो. मग फ्रँकलिननं गोळा ओढ्यात धुतला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकून वर बटण लावलं. लगेच फोन काढून विंडसरला आपल्या थोरल्या भावाला, क्लेटनला लावला. "क्लेटन, सोनं! माझ्या जागेत! नाही रे, मी स्वतः काढलं! ये, ये, आत्ताच नीघ!"

मी त्या बटणाकडे बघत होतो. माझी अब्रू पहिल्यांदाच अशी लखलखीत झाली होती, आणि बियांकाची साखळी फ्रँकलिनच्या खिशात होती. मी दहा मिनिटं गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, बारा.

मग उठून म्हणालो, "फ्रँकलिन, ते सोनं माझ्या बायकोचं आहे. सकाळी मीच पुरलं होतं."

सगळे हसले. मनापासून हसले.

"वा!" फ्रँकलिन म्हणाला. "ही तर अस्वलापेक्षा भारी आहे."

"अरे, खरं सांगतोय! वसईच्या सोनाराकडची मोड आहे ती!"

"झेव्या, नियम तूच केलास. आता मी काढलं म्हणून पोटात दुखतंय होय?"

मी मिलिंदकडे वळलो. तो नाराज झाला होता. "काका, सेटिंग बरोबर केल्यावर सापडलं. त्याचं क्रेडिट कुणाला देऊ नका, पण असं काहीतरी सांगू नका." मेलनीनं माझा हात धरला. "डॅड, यू फाउंड अ गोल्ड क्रीक. यू डोन्ट हॅव टू मेक अप स्टोरीज नाऊ."

मी शपथ घेतली, पण घेताना मला आठवलं की अस्वलाच्या वेळीही मी हीच शपथ घेत असे. उरली इझाबेला. ती थर्मासचं झाकण शांतपणे फिरवत बसली होती.

"इझा, तू सांग ना यांना."

"काय सांगू?"

"मोड तुझी आहे हे."

"असेल," ती म्हणाली. "पण मी कशी ओळखू कोण खरं बोलतंय? तू आज खरं बोलतोयस म्हणतोस. मग आधी १९८९चं सांग. तेवढं खरं निघालं की हेही खरं असेल."

 सगळे माझ्याकडे बघत होते, मेलनी सगळ्यात जास्त.

"मी कॅम्पच्या किचनमध्ये होतो," मी म्हणालो. "खाणीच्या. अकरा आठवडे. बटाटे सोलायला. ओढा मी पाहिलाच नाही, खिडकीसुद्धा पार्किंगकडे होती. सोनं इतरांचं होतं."

"आणि?"

"आणि परत आल्यावर लोक विचारायला लागले, काय पाहिलंस तिकडे? बटाटे म्हणून सांगायची लाज वाटली."

कुणी हसलं नाही. इतकी चांगली माझी दुसरी कुठलीच गोष्ट ऐकली गेली नसेल. मेलनीनं माझा हात सोडला नाही, एवढं मात्र सांगतो.

मग इझाबेला उठली. "फ्रँकलिन, खिशातलं काढ आणि उलटं कर. खालून चपटं आहे, कारण मुशीचा तळ चपटा होता. आणि कडेला छिन्नीची खाच आहे. कस बघायला सोनारानं मारली, मी त्याला एकच मारू दिली."

फ्रँकलिननं बटण काढलं. गोळा उलटा केला. तीस वर्षं मोटारींच्या भागांवर फिरवलेला अंगठा त्यानं त्या चपट्या बुडावरून फिरवला, मग खाचेवरून. इन्स्पेक्शनचा माणूस, पुरावा दिसल्यावर वाद घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं गोळा तिच्या हातावर ठेवला आणि मटकन ढिगावर बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "क्लेटन निघाला."

"मग?"

"विंडसरहून सहा तास गाडी चालवत येतोय. आयुष्यभर मला म्हणतो, तुझ्या हातून काही झालं नाही. मी आत्ता फोनवर त्याला…" तो मग माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत मी पूर्वी कधी न पाहिलेली विनंती होती. "झेव्या, आता काय सांगायचं असतं अशा वेळी?"

माझ्याकडे सतरा पर्याय होते. घोरपडीनं नेलं इथपासून सरकारनं जप्त केलं इथपर्यंत. तोंड उघडणार तोच इझाबेलानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो.

"फक्त संध्याकाळपर्यंत द्या, वहिनी," फ्रँकलिन म्हणाला. "तो बघेल, जेवेल, जाईल."

"सोनं मी देणार नाही," इझाबेला म्हणाली. "फोटो काढ पाहिजे तर. मिलिंद, काढ रे."

तो फोटो आता विंडसरला क्लेटनच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय. मागे ओढा, वाकडे सीडर, पुढे फ्रँकलिनचा उघडा तळहात आणि त्यावर ऊन पडलेला गोळा. फ्रँकलिन हसतोय, पण जरा वेदनेनं, कारण त्याचं मनगट फोटोच्या कडेतून आलेल्या एका बाईच्या हातानं आवळून धरलेलं आहे. बोटं पांढरी पडेपर्यंत. हा हात कुणाचा, असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो म्हणे. फ्रँकलिन तिथं असला की त्यांना काय सांगतो ते मी अजून ऐकलेलं नाही, पण क्लेटनची बायको म्हणाली, गोष्ट छान आहे, फक्त थोडी लांबते.